लिनक्स टाकलं, आता रोजच्या कामाला काय वापरायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, म्हणजे त्याच्या नेहमीच्या सुधारणा थांबल्या, आणि तेव्हापासून माझ्या नागपुरातल्या प्रतापनगरच्या घरी रविवारची सकाळ लॅपटॉपवाल्यांची झाली. मशीन चांगलं असतं, पण विंडोज ११ त्याला मान्य करत नाही. कुणीतरी सांगतं, विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाका. पोरगा किंवा भाचा टाकून देतो आणि मग चार दिवसांनी पिशवीत लॅपटॉप घेऊन मंडळी येतात. पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, याच्यावर वर्ड हाय का?"

मी भाषांतराचं आणि मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसभर मराठीतच टाइप करते, आणि गेली आठ वर्षं हे सगळं लिनक्सवरच चाललं आहे. म्हणून हा लेख. लिनक्स कसं टाकायचं हे सांगणारे पुष्कळ आहेत. टाकल्यावर पत्र कशात लिहायचं, पावती कशात छापायची, मराठी कशी उमटवायची, हे सांगणारे कमी. माझं म्हणणं एवढंच की सॉफ्टवेअर आधी ठरवा, शक्यतो विंडोजवरच वापरून बघा, आणि मग मशीन बदला. उलट्या क्रमाने गेलेले बहुतेक जण महिन्याभरात परत फिरतात. त्यात लिनक्सचा दोष नसतो, घाईचा असतो.

पहिली पायरी : कागद घ्या

कॉम्प्युटर बंद ठेवा आणि एका कागदावर मागच्या आठ दिवसांत त्यावर काय काय केलं ते लिहा. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केलं ते नाही, काय केलं ते. आमच्या शेजारच्या काकांनी लिहिलेली यादी माझ्याकडे अजून आहे. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त. मेन्टेनन्सचा तक्ता. पेन्शनची पीडीएफ. पुण्याच्या नातवाशी व्हिडिओ कॉल. व्हॉट्सॲप. लाइट बिल भरणं. नाट्यगीतं. आधार कार्डाची झेरॉक्स काढणं, म्हणजे प्रिंट.

आता प्रत्येक कामापुढे एक खूण करा. जे ब्राउझरमध्ये होतं त्याला एक. ज्याला दुसरं सॉफ्टवेअर चालेल त्याला दोन. जे ठरावीक विंडोज सॉफ्टवेअरशिवाय होतच नाही त्याला तीन. काकांच्या यादीत तीन एकही नव्हता, त्यांना मी त्याच दिवशी हो म्हटलं.

तीनचा आकडा आला तर थांबायचं. टॅलीवर दुकानाचे हिशेब असतील तर टॅली विंडोजसाठीच आहे. काही क्लृप्त्या करून ती लिनक्सवर चालवणारे आहेत, पण जीएसटीच्या शेवटच्या तारखेला असल्या क्लृप्त्यांवर विसंबू नये. डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन वापरून टेंडर भरत असाल तर त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे ते ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर, मिळतो का ते टोकन देणाऱ्याला आधी विचारा. घरून द्यायच्या ऑनलाइन परीक्षांचं नजर ठेवणारं सॉफ्टवेअरही अनेकदा फक्त विंडोजवर चालतं. ज्या कामावर घर चालतं ते तीनमध्ये असेल तर एका मशीनवर, नाहीतर त्याच मशीनच्या अर्ध्या डिस्कवर, विंडोज राहू द्या. यात कमीपणा काहीच नाही. माझ्या ओळखीच्या एका कर सल्लागारांनी ऑफिसातल्या चारपैकी तीन मशीन लिनक्सवर नेल्या आणि चौथी टॅलीसाठी ठेवली. सहा महिने झाले, कुणाचं काम अडलेलं नाही.

दुसरी पायरी : विंडोजवरच सवय लावा

वर्ड-एक्सेलच्या जागचं लिबरऑफिस, ब्राउझर फायरफॉक्स, गाणी-सिनेमाचं व्हीएलसी, फोटोंचं गिंप, चित्रांचं इंकस्केप, ईमेलचं थंडरबर्ड ही सगळी विंडोजवरही फुकट मिळतात. आणि चालतात अगदी तशीच. म्हणून मशीनला हात लावण्याआधी पंधरा दिवस ही वापरा. वर्डचा आयकॉन टास्कबारवरून काढून टाका, नाहीतर हात तिकडेच जातो. पंधरा दिवसांत जे अडेल ते वहीत लिहून ठेवा. एमएस-सीआयटीत शिकलेली बोटं जुन्या जागेवरच बटण शोधतात, त्यांना वेळ लागतोच. पण त्या काळात फक्त सॉफ्टवेअर नवं असतं, बाकी घर ओळखीचं असतं. दोन्ही एकदम बदललं की माणूस कशाने अडला तेच कळत नाही.

तिसरी पायरी : कोणतं लिनक्स

यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. नवख्याने घालू नये. लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, त्यातलं लिनक्स मिंट घ्या. ८ जीबी रॅम असेल तर त्याची सिनॅमन आवृत्ती, ४ जीबी असेल तर हलकी एक्सएफसीई. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बांधलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुधारणा मिळत राहतील. लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर बर्डीच्या बाजारातून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, आणून बसवा. त्याने जो फरक पडतो तो कुठल्याही सॉफ्टवेअरने पडत नाही.

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट उतरवून मशीन त्यावरून सुरू करता येतं, हार्ड डिस्कला धक्का न लावता. त्या अर्ध्या तासात वायफाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर या चार गोष्टी तपासा. प्रिंटर विसरू नका. यूएसबीची वायर लावा आणि खरोखर एक पान काढून बघा.

सरकारी कामात हे कुठे चालतं का, असं वकील मंडळी विचारतात. त्यांना सांगते की देशभरातल्या जिल्हा न्यायालयांच्या ई-कोर्ट प्रकल्पात उबुंटू लिनक्सच वापरलं गेलं आहे.

चौथी पायरी : सॉफ्टवेअर आणायचं कुठून

विंडोजची सवय म्हणजे गुगलवर नाव टाकायचं, पहिल्या साइटवर जायचं आणि हिरवं बटण दाबायचं. ही सवय इथे सोडा. मिंटच्या मेनूत सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, त्यातच नाव शोधा आणि तिथूनच इन्स्टॉल करा. सुधारणाही तिथूनच येतात.

तिथे एकच सॉफ्टवेअर कधी कधी दोनदा दिसतं, एक साधं पॅकेज आणि एक फ्लॅटपॅक. साधं पॅकेज छोटं असतं आणि लवकर उघडतं, पण आवृत्ती थोडी जुनी असते. फ्लॅटपॅक ताजं असतं, पण पहिल्यांदा उतरवताना बरंच मोठं पडतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर रोजचा डेटा एका फ्लॅटपॅकमध्ये संपू शकतो. साधं पॅकेज घ्या आणि एखादी नवी सोय हवीच असेल तर फ्लॅटपॅक. एक उदाहरण देते. एक्सेलमधलं एक्सलुकअप हे सूत्र लिबरऑफिसमध्ये २४.८ या आवृत्तीपासून आलं, आणि मिंट २२ मधलं साधं पॅकेज २४.२ चं आहे. तुमच्या तक्त्यात ते सूत्र असेल तर साध्या पॅकेजमध्ये चूक दाखवेल आणि तुम्हाला वाटेल फाइल बिघडली. अशा वेळी लिबरऑफिसचं फ्लॅटपॅक घ्यायचं.

पाचवी पायरी : मराठी, पहिल्याच दिवशी

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. इथे अडलं की माणूस बाकी सगळं सोडून देतो.

मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट्समध्ये जा, अधिकच्या खुणेवर टिचकी मारा आणि मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट निवडा. इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी. भाषा बदलायची कळ तिथेच ऑप्शन्समध्ये ठरवा. काहीही वेगळं उतरवावं लागत नाही. ज्यांची बोटं कुठल्याच मराठी कीबोर्डवर बसलेली नाहीत त्यांना मी इनस्क्रिप्टच शिकायला सांगते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. 'नागपूर' लिहायचं तर व्ही, ई, आय, एच, टी, जे एवढ्या सहा कळा, शिफ्टला हात न लावता. ळ हवा तर शिफ्ट धरून एन. आणि 'दुसऱ्या'मधला तो आडवा रफार, ज्याच्यासाठी लोक डोकं आपटतात, तो शिफ्ट-जे म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग डी म्हणजे पाय मोडणं, मग य. रोज अर्धा तास दिला तर तीन आठवड्यांत हात बसतो.

इंग्रजी अक्षरांत 'नागपूर' लिहून मराठी उमटवायची सवय असेल, किंवा टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर परीक्षा दिली असेल, तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस आणि आयबस-एम१७एन ही टाइप करायच्या वेगळ्या पद्धती पुरवणारी दोन पॅकेजेस घ्या, इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा आणि एकदा लॉगआउट होऊन परत या. लॉगआउट विसरल्यामुळे "चालत नाही" म्हणणारे मला दर महिन्याला एक-दोन भेटतात. त्यात ध्वन्यानुसारी पद्धतीही मिळतात आणि रेमिंग्टनही.

आता जुन्या फाइलींची गोष्ट. महालातल्या एका ताई घरून लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, शाळेच्या प्रश्नपत्रिका असं डीटीपी करून देतात. वीस वर्षांचं काम त्यांनी एका हार्ड डिस्कवर जपलेलं. माझ्याकडे बसून त्यांनी लिबरऑफिसमध्ये एक जुनी प्रश्नपत्रिका उघडली आणि हातच थांबला. वरच्या ओळीत 'मराठी' असायला हवं तिथे ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं. खाली पानभर तसंच. "हे काऊन असं दिसून राहिलं? सारं गेलं का माझं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

काहीही गेलेलं नव्हतं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलीत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच. ई या कळेच्या जागी फॉन्ट म चं चित्र दाखवतो, जे च्या जागी र चं, के च्या जागी काना. फॉन्ट नसला की चित्रं जातात आणि खालची अक्षरं उघडी पडतात. त्यांच्याच जुन्या मशीनमधली फॉन्टची फाइल आणून दोनदा टिचकी मारली, इन्स्टॉल केलं, आणि प्रश्नपत्रिका जशीच्या तशी समोर आली. पहिला प्रश्न संधी सोडवा असा होता. तो त्यांनी मोठ्याने वाचला.

पण हा उपाय तात्पुरता समजा. अशा फाइलीत 'नागपूर' शोधायला गेलात तर सापडणार नाही, व्हॉट्सॲपवर चिकटवलंत तर इंग्रजी गडबड दिसेल. कामाच्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या. त्यासाठीचे रूपांतरक ब्राउझरमध्ये चालतात, एका खिडकीत जुना मजकूर टाकायचा, दुसरीतून नवा उचलायचा. नंतर एकदा वाचून काढावाच लागतो. पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं इथे चुका राहतात. श्री-लिपीसारख्या स्वतःचा कीबोर्ड असलेल्या पॅकेजमध्ये काम केलं असेल तर ते पॅकेज विंडोजवर जिवंत असतानाच मजकूर युनिकोडमध्ये काढून ठेवा. मशीन पुसल्यावर हे काम दुप्पट अवघड होतं.

सहावी पायरी : वर्ड-एक्सेलच्या जागी

लिबरऑफिस मिंटमध्ये आधीच असतं. रायटर म्हणजे वर्डसारखं, कॅल्क म्हणजे एक्सेलसारखं, इम्प्रेस म्हणजे पॉवरपॉइंटसारखं. २०१० साली ओपनऑफिसमधून फुटून हे वेगळं झालं आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते. पहिल्यांदा उघडलं की पाच गोष्टी करून घ्या, नंतर महिनोन्‌महिने त्रास होत नाही.

टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये जाऊन भाषेच्या विभागात लोकेल इंग्लिश इंडिया करा, म्हणजे चलन रुपया येतं आणि तारीख आधी दिवस, मग महिना अशी धरली जाते. हे न केलेल्या एका सोसायटीच्या तक्त्यात ५ एप्रिलच्या पावत्या ४ मे ला जमा झाल्या होत्या. तिथेच देवनागरीसारख्या लिप्यांसाठी असलेल्या कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटला खूण करून भाषा मराठी निवडा. मग लोड-सेव्हच्या विभागात ऑटोरिकव्हरीची वेळ दहा मिनिटांवरून दोनवर आणा आणि बॅकअप कॉपीलाही खूण करा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी ऊन तापतं, संध्याकाळी वादळ येतं आणि वीज जाते. डेस्कटॉपवाल्यांनी हे दोन मिनिटांचं गणित आजच करावं. चौथं, बाहेर फाइली पाठवत असाल तर त्याच विभागात नेहमीचा फॉरमॅट वर्डचा ठेवा. आणि पाचवं, व्ह्यूमधल्या युझर इंटरफेसमध्ये टॅब्ड निवडलं की वरच्या पट्ट्या ओळखीच्या वाटायला लागतात.

मराठी लिहिणाऱ्यांना एक गोष्ट हमखास छळते. तुम्ही शैली बदलता, फॉन्ट बदलता, आकार १४ करता, आणि मराठी अक्षर ढिम्म हलत नाही. कारण रायटर इंग्रजीसाठी एक फॉन्ट धरतो आणि देवनागरीसाठी वेगळा. शैलीच्या चौकटीत फॉन्टच्या टॅबवर दोन कप्पे दिसतील, त्यातला कॉम्प्लेक्स नावाचा आपला. तिथे नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त नावाचा फॉन्ट, जो आवडेल तो ठेवा. आणि मजकुराची भाषा मराठीच ठेवा. नोटोसारख्या फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन वळणं असतात, भाषा मराठी असेल तरच पाकळीचा ल आणि देठाचा श उमटतो. मुद्रितशोधनाच्या कामात मला हा फरक रोज दिसतो, म्हणून इतकं आवर्जून सांगते.

दुसऱ्याकडून आलेली वर्डची फाइल उघडली आणि पानं सरकलेली दिसली तर बहुधा फॉन्टचा प्रश्न असतो. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो, कॅम्ब्रियाच्या मापाचा कॅलेडिया हे फॉन्ट मोफत आहेत. ते टाकले की ओळी पुष्कळदा जागेवर येतात. तरीही कंपनीच्या ठरावीक साच्यातल्या फाइली रोज येत-जात असतील, तर ओन्लीऑफिस हे दुसरं मोफत ऑफिस सॉफ्टवेअर घेऊन बघा. त्याची बांधणी वर्डच्या फाइलींभोवतीच आहे आणि तो मांडणी जास्त जपतो. माझं रोजचं काम मात्र रायटरवरच चालतं, शैली आणि शोधून बदलण्याच्या सोयी मला त्यातच बऱ्या वाटतात. एक्सेलमध्ये मोठे मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असतील तर दोन्हीकडे पूर्ण भरवसा ठेवू नका, ते काम तीनच्या खुणेत टाका. आणि नोकरीचा बायोडेटा कधीच वर्डमध्ये पाठवू नका. पीडीएफ पाठवा. समोरच्याकडे काय आहे ते आपल्याला माहीत नसतं.

पीडीएफ, प्रिंट, स्कॅन

पीडीएफ वाचायला मिंटमध्ये एक्सरीडर आहेच. आधारची डाउनलोड केलेली पीडीएफ पासवर्ड मागते, तो नावाची पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्माचं साल असा असतो. हे लिनक्सने मागितलं असं समजून दोघी जणी माझ्याकडे आल्या होत्या. पानं जोडायची, तोडायची, फिरवायची तर पीडीएफ अरेंजर घ्या. मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला असं सगळं एका फाइलीत हवं असतं तेव्हा याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही, आणि कागदपत्रं कुठल्या अनोळखी साइटवर चढवावी लागत नाहीत. त्याच कारणासाठी मी हे प्रत्येक घरात टाकून देते. फॉर्मवर लिहायला किंवा सहीचं चित्र चिकटवायला झर्नल++ घ्या.

प्रिंटरचं असं आहे की गेल्या दहा वर्षांतले वायफायवाले बहुतेक प्रिंटर ड्रायव्हरशिवायच ओळखले जातात. एचपीसाठी एचपीलिप नावाचा ड्रायव्हर असतो. खरी अडचण काही जुन्या, स्वस्त लेझर प्रिंटरांची, ज्यांना कंपनीचा खास ड्रायव्हर लागतो. म्हणून मघाशी एक पान काढून बघा म्हटलं. नवा प्रिंटर घेणार असाल तर दुकानातच मॉडेलच्या नावापुढे लिनक्स लिहून शोधा. स्कॅनसाठी डॉक्युमेंट स्कॅनर नावाचं साधं सॉफ्टवेअर आहे, पाच मिनिटांत येतं.

चित्रं आणि डीटीपी

फोटो कापायचा, उजळ करायचा, पासपोर्ट साइज करायचा, एवढ्यासाठी गिंप पुरे. कोरलड्रॉच्या जागी इंकस्केप. कोरलच्या फाइली तो उघडतो, पण छाया, पारदर्शकता असे परिणाम आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर हलतो. म्हणून जुनी कामं तशीच उघडून पुढे चालवायची आशा ठेवू नका, नवी कामं त्यात सुरू करा. पेजमेकरची सवय असलेल्यांना स्क्रायबस आहे. त्याची १.६ ही आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली. तीच किंवा त्यापुढची घ्या, कारण आधीच्या स्थिर आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळत नसत. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे रंग, आणि छापखान्याला लागणारी पीडीएफ दोन्ही त्यातून निघतं.

महालातल्या ताईंनी पहिली पत्रिका इंकस्केपमध्ये केली आणि इतवारीतल्या छापखान्यात नेली, तर तिथला पोरगा म्हणाला कोरलची फाइलच पाहिजे. त्याला पीडीएफ चालणार होतीच, फक्त अक्षरं बदलतील ही भीती होती. अशा वेळी छापायच्या प्रतीत मजकूर निवडून ऑब्जेक्ट टू पाथ करायचा, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि फॉन्टचा प्रश्नच राहत नाही. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवायची, कारण चित्र झालेल्या अक्षरात शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. आणि पत्रिकेत नाव चुकलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

बाकीचं पटकन

ब्राउझर फायरफॉक्स, आलेलाच असतो. एखादी साइट क्रोमच मागत असेल तर क्रोमही मिळतं. व्हॉट्सॲप, मीट वगैरे ब्राउझरमध्ये चालतं, आणि मिंटच्या वेब ॲप्सने व्हॉट्सॲपचा वेगळा आयकॉन मेनूत ठेवता येतो. घरातल्या ज्येष्ठांसाठी हे पहिल्या दिवशीच करा. गाणी आणि सिनेमाला व्हीएलसी, दुसरं काही शोधू नका. मिंट बसवताना गाणी-व्हिडिओ चालायला लागणाऱ्या मल्टिमीडिया कोडेक्सला खूण करायला विसरला असाल तर मेनूत त्याचा पर्याय आहे. फोनवरचे फोटो घ्यायचे तर वायर लावल्यावर फोनच्या पडद्यावर फाइल ट्रान्सफर निवडावं लागतं, किंवा दोन्हीकडे लोकलसेंड हे ॲप टाकून वायफायवरून पाठवा. पासवर्डांसाठी कीपासएक्ससी, म्हणजे डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिणं बंद होईल.

मुलं लहान असतील तर खेळातून शिकवणारं जीकॉम्प्रिस, मोठी असतील तर गणिताचं जिओजेब्रा, आणि सगळ्यांसाठी आकाश दाखवणारं स्टेलॅरियम. त्यात ठिकाण नागपूर टाका, तारीख २६ मेच्या आसपास न्या आणि दुपारी बारानंतरची वेळ हळूहळू सरकवा. सूर्य अगदी डोक्यावर येतो. मग त्या दिवशी गच्चीवर एक पाण्याची बाटली उभी ठेवून सावली नाहीशी होताना बघा. माझ्या भाचीने पाहिल्यापासून लॅपटॉपवर गेमच्या आधी ते उघडतं.

पुसण्याआधी

टाइमशिफ्ट नावाचं सॉफ्टवेअर मिंटमध्ये असतं, ते सुरू करा. एखादी सुधारणा बिघडली तर कालच्या स्थितीला परत जाता येतं. पण ते व्यवस्थेची प्रत ठेवतं, तुमच्या फोटो-फाइलींची नाही. त्यांच्यासाठी बाहेरची हार्ड डिस्क वेगळी, आणि विंडोज पुसण्याआधी तिच्यावर सगळं उतरवून, ती दुसऱ्या मशीनला लावून, चार-पाच फाइली उघडून बघायच्या. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली आणि टायपिंगचे फॉन्ट या दोन गोष्टी लोक हमखास विसरतात.

डिस्कमध्ये जागा असेल तर विंडोज तीन महिने बाजूला तसंच राहू द्या. किती वेळा तिकडे जावं लागलं त्याची कागदावर रेघ ओढत जा. दुकान किंवा ऑफिस असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये हे काम काढूच नका, मार्चएंडचे हिशेब होऊ द्या. एप्रिलच्या पहिल्या रविवारी पेनड्राइव्ह आणि प्रिंटरची वायर घेऊन बसा.